तुम्ही विचारलंत म्हणून: शाळा कशाला फिरतेस?

"मशीनला माणसासारखं बघायला शिकवून करणार काय, आणि पीएचडी संपवायची सोडून शाळा कशाला फिरतेस?" रंकाळ्यावर भेळ खाता खाता मैत्रिणी विचारतात, लग्नकार्यात काका विचारतात. "आवड" म्हणून हसणं आता पुरत नाही.

पहिल्या अर्ध्याचं उत्तर सोपं आहे. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढाच भाग एका वेळी तुम्हाला नीट दिसतो; बाकीचं डोळा सेकंदाला तीनेक वेळा उड्या मारून गोळा करतो. कॅमेऱ्याला मात्र चित्राचा प्रत्येक कोपरा सारखाच. आधी कुठं बघायचं हे मशीनला ठरवता यावं, एवढंच माझं काम. नोकरी लागेल का, ते काकांनाच विचारा.

शाळांचं उत्तर अवघड. फेलोशिपच्या अर्जात मी "ग्रामीण विद्यार्थ्यांत विज्ञानाची गोडी निर्माण करणे" असं लिहिलं होतं. ते लिहिणारी मुलगी आता मला सहन होत नाही.

शाहूवाडीकडच्या एका शाळेत सहावीला अंधबिंदूचा, म्हणजे डोळ्याला जिथलं काहीच दिसत नाही त्या जागेचा, प्रयोग घेत होते. कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे ७ सेंटिमीटरवर ठिपका. डावा डोळा झाकायचा, नजर फुलीवर, कागद हळूहळू जवळ. वीत-सव्वा वीत अंतरावर ठिपका गायब! वर्गात नुसता दंगा. एक मुलगी मात्र म्हणाली, "म्याडम, मला फुलीच दिसंना." डोळा नीट झाक म्हटलं. नीटच झाकला होता. मग उजवा झाकायला लावला, तर सगळं स्वच्छ. पोरं हसली. कुणीतरी "काणी" म्हणालं आणि ते नाव तिला चिकटलं.

डॉक्टरांनी आळशी डोळा सांगितला. लहानपणी एका डोळ्याकडून धूसरच चित्र येत राहिलं की मेंदू त्याचं ऐकणं सोडतो. मांजराच्या पिल्लांचा एक डोळा शिवून हुबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात हेच दाखवलं. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांच्याच कामावरून जपानच्या फुकुशिमांनी १९८० मध्ये निओकॉग्निट्रॉन हे आकृत्या ओळखणारं संगणकी जाळं रचलं, आणि आमचा विषय त्याच घराण्यातला. ती पिल्लं माझ्या पहिल्याच स्लाइडवर असतात.

त्या मुलीची आई शाळेत आली. "पोरीची जात हाय. सगळ्या वर्गासमोर कशाला काढलंसा हे?" गुरुजी मध्ये पडले, निदान कळलं तरी म्हणाले. कळलं, खरंय. चष्मा आला, पट्टी आली. पण सातव्या वर्षाच्या आत सुरू केलेल्या उपचाराइतका गुण या वयात सहसा येत नाही, हे त्या बाईंना सांगायचं का? मी सांगितलं. बरं केलं असं वाटत नाही; गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असंही नाही.

गाईड म्हणतात, तो प्रयोग सोड, दृष्टिभ्रमाची चित्रं दाखव, पोरं खूश होतात. होतात. तरी मी तोच घेते, फक्त आता व्हरांड्यात एकेकाला बोलावून. त्यात अख्खी दुपार जाते, मलकापूरहून यायची एसटी चुकते आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण आहे तिथंच राहतं. हे काम नेत्रतपासणी शिबिराचं, असं तुम्ही म्हणाल. असेल. शिबिर कधी आहे तेवढं कळवा, त्या दिवशी मी घरी बसून लिहीन.