पंधरा पाउणे सव्वाअकरा

डिसेंबरात बडोद्याला आले तोपर्यंत आईची ही गोष्ट न ऐकलेलं दांडिया बाजारात कुणी उरलं नव्हतं. खालच्या काकू, भिशीच्या बायका, सकाळी कमाटी बागेत फिरायला येणारं मंडळ, सगळ्यांची पाठ झालेली. तरी माझ्यासमोर तिनं ती आणखी दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा मला साक्षीदार म्हणून उभं केलं. तिच्या गोष्टीत समुद्र आहे, पौर्णिमा आहे, एक लाल गालांचा मुलगा आहे आणि नारळ आहे. गाडीतली गर्दी, खोलीतली गादी आणि जावयाचं गणित तिनं मोठ्या मनानं वगळलंय. मी वगळणार नाही. आणि शेवटही माझ्याकडे जरा वेगळा आहे.

आम्ही लेस्टरला राहतो, म्हणजे इंग्लंडच्या अगदी पोटात. समुद्र कुठल्याही बाजूला लांबच. बडोदेकराला याचं काही वाटत नाही. आमच्याकडेही समुद्र म्हणजे डबे भरून, गाडी ठरवून जायची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात आई तीन महिने आली होती. 9 ऑगस्ट 2025, शनिवार, नारळी पौर्णिमा. बडोद्यात या दिवशी आमच्या घरी राख्या आणि नारळीभात, बस. समुद्राला नारळ वाहिल्याचं मला तरी आठवत नाही. पण लेस्टरला येऊन आईला साक्षात्कार झाला. म्हणाली, "चहूबाजूंनी पाणी असलेल्या बेटावर राहता, आणि समुद्राला एक नारळ नाही?"

मग बेलग्रेव्ह रोडवर नारळ घेतले. दोन. आई कुठल्याही कार्याला एकच नारळ घेऊन निघत नाही, कुजका निघाला तर काय घ्या. दीड पाउंडाला एक. तिनं तिथल्या तिथं रुपये केले, पावणेदोनशेच्या आसपास आले, आणि दुकानदाराला अस्खलित गुजरातीत सांगितलं की एवढ्यात आमच्या खंडेराव मार्केटात चार येतात. तो खूश. "बडोदानां छो?" मग दहा मिनिटं गप्पा. पुण्याला सासरी माझी ओळख 'ती गुजरातेतली', लेस्टरात आम्ही सरसकट गुजराती, आणि खुद्द बडोद्यात शेजारच्यांच्या लेखी दक्षिणी. आईला या कशाचंच काही वाटत नाही. जिथं भाव करता येतो ती भाषा आपली.

आता गणित. नवऱ्याचं आजोळ रत्नागिरीकडचं, त्यामुळे समुद्र हा घरातला विषय असल्यासारखा बोलतो. भरतीची वेळ बघू का, म्हटल्यावर त्यानं मला फोन उघडूच दिला नाही. "तिथीच्या पाऊणपट. आजोबा असंच काढायचे. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा पाउणे सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती." इतक्या आत्मविश्वासानं पाऊणकीचा पाढा म्हणणारा माणूस मी शाळेनंतर पहिल्यांदाच बघत होते. त्या हिशेबानं सव्वाअकरापर्यंत पूर्व किनाऱ्यावरच्या स्केगनेसला पोहोचायचं ठरलं.

लेस्टरहून नॉटिंगहॅम, तिथं गाडी बदलून ग्रँथम, स्लीफर्ड, बॉस्टन करत शेवटचं स्टेशन स्केगनेस. दुसरी गाडी अगदीच चिमुकली, आणि ऑगस्टातला शनिवार. अर्धं नॉटिंगहॅम बादल्या-फावडी घेऊन आत शिरलेलं. आईला एका मुलीनं जागा दिली. आम्ही दोघं संडासाच्या दाराला टेकून दोन तास उभे. त्या रेल्वेबद्दल मला जे म्हणायचंय ते आईच्या संस्कारांमुळे इथं लिहीत नाही. बॉस्टनच्या पुढं-मागं जमीन अशी सपाट होते की डोळ्याला अडायला काही नाही, नुसते कोबी-फ्लॉवरचे मळे. आई खिडकीतून बघून म्हणाली, "हे तर आपलं पादरा!" बडोद्याची भाजी जिथून येते ते पादरा. तेवढं बोलून ती समाधानानं झोपली.

उतरायला साडेबारा झाले. स्टेशनाजवळच त्या गावाच्या सुप्रसिद्ध कोळ्याचा पुतळा आहे, मासेमारी करणारा कोळी, ढेरपोट्या, दाढीवाला, बूट घालून वाळूत उड्या मारणारा. 1908 मध्ये जॉन हॅसल नावाच्या चित्रकारानं रेल्वेच्या जाहिरातीसाठी काढला होता, खाली ओळ होती, 'स्केगनेस इज सो ब्रेसिंग'. ब्रेसिंग म्हणजे काय, आईनं विचारलं. नवरा म्हणाला, "म्हणजे थंडी वाजते, पण पैसे भरून आलोय म्हणून तक्रार करायची नाही." पुढं राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून बांधलेला घड्याळाचा मनोरा, मग खेळांची यंत्रं, डोनट, चिप्स, आणि मग वाळू.

समुद्र नव्हता.

अतिशयोक्ती करत नाही. वाळू होती, वाळूच्या पुढं ओली वाळू, त्याच्या पुढं चकाकणारं काहीतरी, आणि फार लांब पवनचक्क्या उभ्या, ज्या समुद्रात आहेत म्हणून समुद्र असणार असं मानायचं. 1881 साली समुद्रात बांधलेला धक्कासुद्धा वाळूवरच संपला होता. 1978 च्या जानेवारीत वादळानं त्याचे मधले तुकडे नेले, तेव्हापासून तो पाण्यात जायचा राहिलाच आहे. आई कठड्यापाशी उभी राहिली, नऊवारीसारखा खोचलेला पदर, पायात माझे स्पोर्ट्स शूज, हातात पिशवी. जावयाकडं बघून अगदी सौम्यपणे म्हणाली, "सव्वाअकराला येऊन गेला वाटतं."

गंमत म्हणजे दोष पौर्णिमेचाच होता. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला सूर्य-चंद्राची ओढ एकत्र येते, उधाण येतं. भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते. फक्त ते कुठल्या किनाऱ्यावर किती वाजता, हे त्या त्या किनाऱ्यावर ठरतं. आजोबांची पाऊणकी कोकणासाठी बरोबर होती. स्केगनेसला मात्र पौर्णिमेच्या सुमाराला भरती सकाळ-संध्याकाळी सातनंतर, आणि ऐन दुपारी समुद्र असा गायब. हे मी आता शहाण्यासारखं लिहितेय. तेव्हा आम्ही दोघं फोनमध्ये डोकं घालून रेंज शोधत होतो आणि आईनं फोनशिवायच उलगडा केला होता.

"अहो, कंबोईची वेळ भावनगरला चालत नाही. तुम्ही तर रत्नागिरीची इथं आणली. संध्याकाळी येईल तो."

कावी-कंबोई म्हणजे आमच्या बडोदेकरांचा समुद्र. पादरा, जंबुसर करत गेलं की खंभातच्या आखाताच्या काठावर स्तंभेश्वर महादेव. भरती आली की पिंडच काय, देऊळसुद्धा पाण्यात जातं. ओहोटीला पुन्हा उघडं पडतं. तिथं तिथीप्रमाणे भरतीच्या वेळांचे कागद मिळतात. लहानपणी आम्ही वरच्या कठड्यावर बसून, हातात दशमी घेऊन, समुद्र कधी येतोय याची वाट बघायचो. त्या आखातातली भरती देशात सगळ्यात मोठी, भावनगरकडे दहा मीटरच्याही वर. त्यामुळे समुद्राचं येणं-जाणं आईला नवं नव्हतं. "आमचा देवाला भेटायला येतो, तुमचा माणसं आली की पळतो," एवढंच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत थांबू, असं मी तीनदा सुचवलं. नाही. मुहूर्त काढून आलोय, आता जायचं. मग चाललो. अर्धा किलोमीटर तरी असेल, तोंडावर वारा, मध्ये घोट्याएवढ्या पाण्याच्या डबक्या. वाटेत गाढवं होती, गळ्यात नावाच्या पट्ट्या, पाठीवर पोरं. पैसे देऊन बसतात, हे कळल्यावर आई थबकली. "आपल्याकडं गाढवावर बसवतात ते धिंड काढायला." आणि एवढं हसली की मला तिला धरावं लागलं.

पाणी अखेर सापडलं, पिंडरीएवढं आणि बर्फाचं. आईनं नारळाला हळद-कुंकू लावलं, शेंडीला लाल नाडा होताच, काहीतरी पुटपुटली आणि सोडला. वारा किनाऱ्याकडे. नारळ डोलत डोलत परत आला. पुन्हा सोडला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा नवऱ्यानं क्रिकेट खेळल्यासारखा लांब फेकला, आईला ते अजिबात आवडलं नाही, आणि आम्ही वळलो.

वीस पावलं गेलो असू. मागून पळत सहा-सात वर्षांचा एक मुलगा आला, पोहायचा पोशाख, थंडीनं गाल लाल, दोन्ही हातांत नारळ. "एक्स्क्यूज मी, यू ड्रॉप्ड धिस."

मी थँक यू म्हणून घेतला. काय सांगणार? तो दिसेनासा झाल्यावर आईनं पुन्हा सोडला. पाच मिनिटांत मुलगा पुन्हा हजर, यावेळी मागून त्याचे आजोबा, धापा टाकत, माफी मागत. मग मी सांगितलं, जमेल तसं, की हा पडलेला नाही, समुद्राला दिलाय, आमचा सण आहे. आजोबांचा चेहरा असा पडला की जणू त्यांनी देवळातून काही उचललंय. मुलगा मात्र नारळ सोडेना. इतका जड, केसाळ, वर शेंडीला लाल दोरा. आजोबा म्हणाले, त्यांच्या लहानपणी नारळ विकत आणायची वस्तू नव्हती, जत्रेत लाकडी चेंडूनं खांबावरून पाडला तरच मिळायचा. त्यांनी आयुष्यात एकदा पाडला होता.

आईला मी भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यालाच दे. समुद्रानं त्याच्या हातात दिलाय दोनदा."

त्यांचा डेरा होता वर कोरड्या वाळूत. वाऱ्याला आडोसा म्हणून रंगीत पट्ट्यांचं कापड खुंट्यांवर ताणलेलं, मागं खुर्च्या, थर्मास, आजी, सुना, एकूण नऊ माणसं. नारळ फोडायचा कसा, हा प्रश्न आला. आईनं आजूबाजूला बघितलं. दगड नाही. तिची नजर खुंट्या ठोकायच्या लाकडी हातोड्यावर गेली. तिनं तो मागितला, म्हणजे बोट दाखवलं. डाव्या तळहातावर नारळ फिरवत फिरवत कमरेवर टोले दिले, सात-आठ, आणि तडा गेल्यावर थर्मासच्या झाकणात पाणी धरलं. दोन सरळ वाट्या. नऊच्या नऊ माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझी आई बडोद्यात बँकेच्या काउंटरवर बत्तीस वर्षं बसली. तिच्यासाठी टाळ्या वाजताना मी पहिल्यांदा बघितल्या. मला काय झालं कोण जाणे, मी उगाच पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

खोबऱ्याचे तुकडे वाटून झाले. मुलाला चव आवडली नाही, पण करवंटी त्यानं ठेवून घेतली. आणि आता त्यांची पाळी. आजीनं कागदातल्या गरम चिप्स आईपुढं केल्या. माझ्या पोटात गोळा. या भागात कित्येक दुकानांत चिप्स गाईच्या चरबीत तळतात. मी मघाशीच वरच्या दुकानात विचारून आले होते आणि मुकाट परत फिरले होते. आई शाकाहारी, त्यात श्रावण. मी तोंड उघडायच्या आत आईनं हसून दोन चिप्स घेतल्या, 'व्हेरी नाइस' म्हणाली, आणि बोलता बोलता त्या रुमालात गेल्या. तिला माहीत होतं का? मी तिला सांगितलंच नव्हतं. आजवर विचारलंही नाही.

बाकीचा दिवस म्हणजे दशम्या, वारा आणि चहा. राहायची जागा मी फोटो बघून घेतली होती. फोटोतली खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीवर उघडायची, आणि गादीत बसलं की उठायला दुसरा माणूस लागायचा. सकाळी शाकाहारी नाश्ता म्हणजे तोच नाश्ता, त्यातून मांस काढून घेतलेला.

संध्याकाळी समुद्र आला. आईच्या शब्दाबरहुकूम आला, आणि दुपारी आम्ही उभे होतो तिथं माणूस बुडेल इतका आला. सूर्य आमच्या पाठीमागं गावात मावळला, हे आईला चुकीचं वाटलं. पण मग नऊनंतर समोर पाण्यातूनच चंद्र वर आला, तांबूस, मोठा, आणि पूर्व किनाऱ्याचा तिनं सगळा गुन्हा माफ केला. पिशवीतून दुसरा नारळ निघाला. लाल नाडा, हळद-कुंकू. यावेळी पाणी खोल होतं, उतरायला लागलं होतं. नारळ दोनदा वर दिसला, मग दिसला नाही. आई हात जोडून बराच वेळ उभी होती. नवरासुद्धा गप्प होता, त्यानं कुठलाही पाढा म्हटला नाही.

आईची गोष्ट इथं संपते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, गाडीच्या आधी, आम्ही शेवटची चक्कर मारली. भरती नुकतीच उतरत होती. आई पुढं, कामावर निघालेल्या गाढवांचे फोटो काढत. पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथं शेवाळाची काळी रेघ, त्यात शिंपले, वेफर्सची पाकिटं, एक लहान चप्पल. आणि लाल नाडा.

मी नवऱ्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. मग त्यानं बुटानं शेवाळ ओढलं, वर वाळू ओढली, आणखी थोडी ओढली, आणि आम्ही आईच्या मागं गेलो.

परवा ओट्यावर भिशीच्या बायका बसल्या होत्या. आई नेहमीच्या ठिकाणी आली, चंद्र वर आला, हात जोडून झाले. "एवढा मोठा नारळ, पण एकदा घेतला तो घेतलाच. विचारा हिला. गेला ने?"

"गेला," मी म्हटलं.