तुम्ही विचारलंत म्हणून: 'भाऊ नॉर्मल आहे ना?'

लग्नात, गिरणीत, रिक्षात, कुठंही भेटलं की लोक आवाज खाली करून विचारतात, "भाऊ तुमचा तसा नॉर्मल आहे ना ओ?" आजवर मी "हो हो, जरा बुजरा आहे" म्हणून वेळ मारून नेत आले. पण गेल्या रविवारी एका काकूंनी दादाच्या समोरच विचारलं, म्हणून एकदाच सांगून टाकते.

दादा ऑटिस्टिक आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात, मला तो शब्द कधी पटला नाही, कारण हा स्वतःत कमी आणि कृष्णेच्या पाण्यातच जास्त मग्न असतो. पावसाळ्यात आमच्या सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी त्याला रोज कळलीच पाहिजे, नाही कळली तर जेवण नाही. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे आमच्याकडं पाढ्यासारखं पाठ आहे. तर काकूंनी 'नॉर्मल' म्हटल्यावर दादानं त्यांच्याकडं न बघताच सांगितलं, "40 च्या खाली नॉर्मल." काकू गप्प.

2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आम्ही गावभागातलं घर सोडून विश्रामबागला नातेवाईकांकडं गेलो. दादा आदल्या दिवसापासून आकडे सांगत घरभर फिरत होता, त्यामुळं सगळे म्हणायला लागले की बघा, याला आधीच कळलं होतं, देवमाणूस आहे. (कळलं बिळलं काही नव्हतं, मोबाईलवर बघत होता.) पूर ओसरला आणि पंधरा दिवसांत हा देवमाणूस परत 'तसा' झाला. मला त्या कौतुकाचाच जास्त राग आला. उद्या त्याला आकडे आवडेनासे झाले तर काय? माझा चुलतभाऊ दिवसभर सोफ्यावर आडवा पडून रील्स बघतो, त्याला नाही कुणी विचारत की बाबा तुझ्यात स्पेशल काय आहे.

लहानपणी त्याला सरळ मतिमंद म्हणायचे. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझमचं नावच नव्हतं, 2016 च्या कायद्यात 21 झाले तेव्हा ते आलं. म्हणजे दादा होता तसाच होता, यादी बदलली. आता सर्टिफिकेटवर टक्के लिहून येतात, 40 किंवा वर असले की बऱ्याच सवलती मिळतात. इथंपण 40 च, ही गंमत त्याला फार आवडली होती.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मला बघायला पहिलं स्थळ येणार होतं तेव्हा घरात ठरलं की दादाला त्या दिवशी मिरजेला मावशीकडं ठेवायचं, आणि मी पण काही बोलले नाही, उलट मला बरंच वाटलं होतं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, "भाऊ कुठं असतो?" विचारलं, बाबा म्हणाले बाहेरगावी. संध्याकाळी मी आणायला गेले तर दादा पायात चपला तशाच ठेवून कॉटवर बसलेला, सकाळपासून. मावशी म्हणाली, काढूच देईना गं. ते स्थळ तसंही जमलं नाही. पुढच्या वेळी मी दादाला हॉलमध्येच बसवलं, त्यानं मुलाला गाडीचा नंबर विचारला, मुलानं सांगितला, दादानं त्यातल्या आकड्यांची बेरीज करून सांगितली. त्या मुलाशीच लग्न झालं माझं, पण ते असो.

आता कुणी विचारलं तर मी म्हणते, घरी या आणि बघा. फक्त बेल एकदाच वाजवा. आल्या आल्या त्याच्या पाठीवर थाप मारू नका, त्याला चालत नाही. भडंग पुढं केलं तर घ्या, पण त्यातले शेंगदाणे त्याचे असतात, ते बाजूला ठेवा. आणि गाडीचा नंबर आधीच आठवून या, म्हणजे खाली जाऊन बघायला नको.