चेन तुटली आणि ब्रेकही गेला: 3 दिवसांच्या स्नोमोबाइल सफरीतला धडा

दुसऱ्या दिवशी दुपारी, उतारावर, एकदाच 'खाड्' असा आवाज आला. इंजिन चालू, क्लच फिरतोय, ट्रॅकला (गाडीखालचा रबरी पट्टा, तोच तिला बर्फावर पुढे ढकलतो) मात्र त्याचा पत्ताच नाही. ब्रेक दाबला. तो घट्ट लागला, तरी गाडी घरंगळतच राहिली. पुढे भुसभुशीत बर्फाचा ढीग होता, त्यात रुतून थांबलो.

बऱ्याच स्नोमोबाइलमध्ये ब्रेकची डिस्क वरच्या शाफ्टवर असते आणि ट्रॅक फिरवणारा शाफ्ट खाली. दोघांना जोडते ती चेनकेसमधली, म्हणजे ऑइल भरलेल्या बंद पेटीतली चेन. ती गेली की ब्रेक फक्त वरचा शाफ्ट धरतो, ट्रॅक मोकळाच. काही मॉडेलमध्ये डिस्क खालच्या शाफ्टवर असते. तुमच्या गाडीत कुठे आहे, हे निघण्यापूर्वीच बघून ठेवा.

खरं तर गाडीने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की खालून 'टक्' व्हायचं. चढावर जोर लावला की दात निसटल्यासारखा झटका. मी क्लचच्या बेल्टला दोष देऊन मोकळा झालो.

जोडीदाराने चेनकेस उघडली. ऑइल करडं झालेलं. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर मऊ काळपट लेप असणं चालतं, नेहमीची झीज असते ती; माझ्या मॅग्नेटवर चक्क पत्र्याचे तुकडे होते. (ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय असं समजा.) ही चेन सायकलसारखी नसते, पातळ पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेली असते. एखादी पट्टी तडकली की बाकीच्यांवर ताण येतो. पण मला खरी लाज वाटली ती टेन्शनरचा, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या भागाचा बोल्ट पाहून. तो जवळजवळ शेवटपर्यंत आत गेलेला. दर वेळी चेन सैल वाटली की मी बोल्ट थोडा आवळायचो आणि त्यालाच देखभाल म्हणायचो. ताण द्यायला जागा उरली नाही म्हणजे चेन लांबलीय, बदलायची वेळ झाली.

परत आणताना आधी चेनचे तुकडे बाहेर काढले, नाहीतर ते स्प्रॉकेटमध्ये (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) अडकून केस फोडतात. नुसत्या दोराने ओढू नका. ब्रेक नसलेली गाडी उतारावर पुढच्या गाडीवर आदळते. जोडीदाराकडे टो-बार, म्हणजे ओढायचा कडक दांडा होता म्हणून निभावलं.

घरी नवी चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि टेन्शनरचा घासपट्टा, सगळं एकदम बदललं. जुन्या आकड्यासारख्या वाकलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर तीही लवकर झिजते. मागवताना कड्यांची संख्या, पिच (कड्यांमधलं अंतर) आणि रुंदी तिन्ही जुळवा. स्प्रॉकेट बदलून गिअरिंग बदलत असाल तर कड्यांची संख्याही बदलू शकते. चेनला सांधा नसतो, त्यामुळे दोन्ही स्प्रॉकेटसकट एकदम बसवावी लागते.

ताण देताना चेनचा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला आणा. बोल्ट बोटांनी लागेल तितकाच आवळा, मग अनेक गाड्यांत पाव फेरा मागे घेऊन लॉक नट लावतात. शेवटी मॅन्युअल सांगेल ते खरं. काहींचा टेन्शनर आपोआप जुळतो. फार घट्ट चेन बेअरिंग खाते. पोलॅरिसच्या 2013 च्या प्रो आरएमकेसारख्या क्विकड्राइव्ह गाड्यांत चेनऐवजी बेल्टच असतो, त्यांना यातलं बरंचसं लागू नाही.

ऑइल मी आता दर हंगामाआधी बदलतो, पातळी बरोबर दिसली तरी. आणि सफरीत रोज सकाळी पार्किंग ब्रेक लावून ट्रॅक हाताने पुढेमागे हलवून बघतो, किती खेळतोय ते. कालच्यापेक्षा जास्त खेळला तर आधी चेनकेस उघडायची, मग चहा.