इन्स्टॉलरचे साधन बदलण्याचा प्रस्ताव वरिष्ठांपुढे मांडताना

विंडोजसाठी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत इन्स्टॉलर (ग्राहकाच्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम) बनवण्याचे व्यावसायिक साधन सोडून ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेले, साधन घ्यावे असे सुचवायचे झाले, की आम्ही अभियंते बहुधा ‘हे फुकट आहे’ इथूनच सुरुवात करतो. माझ्या मते प्रस्ताव तिथेच कमकुवत होतो. परवान्यांचा खर्च एकूण अंदाजपत्रकात किरकोळ असतो आणि फुकट म्हटले की ‘अडचण आली तर जबाबदार कोण?’ हा प्रश्न लगेच पुढे येतो.

त्याऐवजी इन्स्टॉलरची व्याख्या, म्हणजे काय कुठे बसवायचे याचे वर्णन, कुठे आणि कोणत्या रूपात राहते, यावर बोलावे. अनेक व्यावसायिक साधनांत फाइली, रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातील) नोंदी आणि शॉर्टकट खिडक्यांमध्ये क्लिक करून ठरवले जातात आणि मागील आवृत्तीपासून नेमके काय बदलले हे नंतर शोधणे जिकिरीचे होते. विक्स टूलसेट या ओपन सोर्स साधनात हीच माहिती एक्सएमएल या साच्यातील साध्या मजकुरात असते, तर इनो सेटअप आणि एनएसआयएस या तशाच साधनांत ती स्क्रिप्टच्या (लिहिलेल्या सूचनांच्या) रूपात असते. त्यामुळे ती उर्वरित कोडबरोबर गिटमध्ये (कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवता येते, प्रत्येक बदल सहकाऱ्याकडून तपासून घेता येतो आणि बिल्ड सर्व्हरवर (कोडपासून आपोआप सॉफ्टवेअर बांधणाऱ्या संगणकावर) माणसाचा हात न लागता इन्स्टॉलर तयार होतो. याउलट परवाना एकाच संगणकापुरता घेतलेला असेल, तर तो संगणक वापरणारा सहकारी रजेवर गेल्यावर ग्राहकाला द्यायची तातडीची दुरुस्तीही खोळंबते. तांत्रिक गुणांची लांबलचक यादी ऐकून न हलणारे व्यवस्थापन ही जोखीम मात्र चटकन ओळखते.

‘मोठ्या कंपन्या काय वापरतात?’ हा प्रश्न अभियंत्यांना फारसा आवडत नाही, पण त्याचे उत्तर तयार ठेवावे. विक्स हे मायक्रोसॉफ्टमध्येच जन्मले आणि 2004 मध्ये त्या कंपनीने ते ओपन सोर्स परवान्याखाली खुले केले; त्याच कंपनीच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या कोड संपादकाचा विंडोजवरील इन्स्टॉलर इनो सेटअपने बनतो.

कायदा विभागाची भीती वेगळी असते: ओपन सोर्स साधन वापरले तर आपले उत्पादनही खुले करावे लागेल का? साधनाचा परवाना आणि त्या साधनाने बांधलेल्या उत्पादनाचा परवाना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मात्र साधनाचा काही भाग तयार इन्स्टॉलरसोबत ग्राहकापर्यंत जातो, म्हणून परवाना नीट वाचून त्याचा सारांश प्रस्तावालाच जोडलेला बरा. आणि प्रत्येक ओपन सोर्स साधन विनामूल्य असते असे तर मुळीच लिहू नये, कारण विक्सने 2025 पासून त्यातून उत्पन्न मिळवणाऱ्या वापरकर्त्यांकडे देखभाल शुल्क मागायला सुरुवात केली आहे. मला ते योग्यच वाटते. शिवाय ‘जबाबदार कोण?’ या प्रश्नाला त्यातून थोडे उत्तरही मिळते. एक्सझेड या फाइली आकसून लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनात 2024 मध्ये दडवलेला चोरदरवाजा (गुपचूप आत शिरण्याची वाट) सापडला, हे कोणीतरी बैठकीत काढणारच. त्यावर वाद घालण्यापेक्षा साधनाची आवृत्ती निश्चित करून तिची प्रत स्वतःच्या भांडारात ठेवू आणि नवी आवृत्ती तपासल्याशिवाय घेणार नाही, असे सांगावे.

खरी कसोटी स्थलांतराची असते आणि प्रस्तावात सर्वाधिक जागा तिलाच द्यावी. एमएसआय पॅकेजमध्ये (विंडोजच्या इन्स्टॉलर फाइलीच्या एका प्रकारात) अपग्रेड कोड नावाची ओळख असते. साधन बदलताना ती तशीच ठेवली नाही, तर नवी आवृत्ती जुनीला ओळखत नाही आणि ग्राहकाच्या संगणकावर एकच उत्पादन दोनदा बसलेले दिसते. म्हणून आधी कमी महत्त्वाचे एखादे उत्पादन निवडावे आणि जुन्या साधनाने बसवलेल्या प्रत्येक चालू आवृत्तीवरून नव्या इन्स्टॉलरने अद्ययावत होणे, दुरुस्त होणे आणि पूर्ण काढले जाणे तपासावे. त्या चाचण्यांचे निकाल हाती आल्यावरच उरलेल्या उत्पादनांची मंजुरी मागावी आणि तोपर्यंत जुन्या साधनाचा परवाना चालू ठेवण्याची तरतूदही त्याच प्रस्तावात करावी.