पावणेतीन फुटांचं प्लायवूड

अमेरिकेत पंधरा दिवस होतो. नायगारा पाहिला, वॉशिंग्टन पाहिलं, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी ताईच्या हातचं पोटभर जेवलो. लिहावंसं वाटतंय ते मात्र न्यूयॉर्कमधल्या एका सकाळबद्दल.

म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचं तिकीट 30 डॉलर. ताईनं हट्टानं काढलं. पाचव्या मजल्यावर व्हॅन गॉगच्या चांदण्या रात्रीसमोर इतके मोबाईल वर धरलेले होते की चित्र दिसेना. मला गर्दीत जीव घाबरल्यासारखं होतं, म्हणून पुढच्या दालनांत निघालो आणि एके ठिकाणी थांबलोच.

तारेला टांगलेलं प्लायवूड. एकात एक लंबगोल कडी, प्रत्येक वेगळ्या दिशेला कललेली. रशियन कलाकार अलेक्झांडर रोदचेन्को, साधारण 1920.

आमचा फर्निचरचा कारखाना. चाळीस वर्षं प्लाय बघतोय, पण असं कधी पाहिलं नव्हतं. ही कडी वेगवेगळी जमवलेली नाहीत, एकाच सपाट फळीतून आत आत कापत नेलेली आहेत. म्हणजे वाया गेला तो फक्त करवतीनं खाल्लेला भुसा. कडी फिरवून परत एका पातळीत आणली की पुन्हा सपाट फळी! क्रांतीनंतरचं मॉस्को, यादवी युद्ध, सगळ्याची टंचाई, आणि हा माणूस पावणेतीन फूट रुंद तुकड्यातून अख्खा घुमट उभा करतो. काही भागावर ॲल्युमिनियमचा रंग दिलाय. या मालिकेला त्यानं 'प्रकाश परावर्तित करणारे पृष्ठभाग' म्हटलं होतं. खाली चौथरा नाही, जमिनीचा आधार नाही. शिल्प म्हणजे जड, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं तिथेच सुटलं.

वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, षटकोन अशी त्याची भावंडंही होती. 1921 मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात ती टांगलेली असल्याचे फोटो आहेत. मूळ रूपात उरलं ते हे एकच. मॉस्कोत राहणाऱ्या जॉर्ज कोस्ताकिस या ग्रीक संग्राहकानं ते जपलं. बाकीची आज कुठे दिसतात ती नंतर घडवलेली. त्या हरवलेल्या चौकोनासाठी मला खरंच वाईट वाटलं.

जवळ वाकून कड पाहत होतो, तर पहारेकरी बाईंनी मागे व्हायला सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं.

जिन्याजवळच्या बाकावर बसून अण्णांना फोटो पाठवला. नाशिकला रात्रीचे नऊ वाजले असतील. लगेच फोन आला.

"हाताने कापलंय?"

"तसंच वाटतंय, अण्णा."

"मग आतलं कडं सोडवायला पातं शिरवलं कुठून त्यानं? भोक पाडलंय, का कडेनं चीर घेतलीय?"

"ते नाही पाहिलं."

"अरे, मग पाहिलंस काय!"

ताईला म्हटलं, पाच मिनिटं थांब, आणि परत आत गेलो.