गोठ्यातली पेटी आणि 'इदा'

आमच्या गोठ्यात पेंड ठेवायची एक लाकडी पेटी आहे. मला कळायला लागल्यापासून ती तिथंच आहे. आज तिच्याविषयी लिहायला बसलेय ते एका पोलिश चित्रपटामुळं.

आम्ही कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे. आज गांधीनगरात कापड घ्यायला सगळा जिल्हा येतो, त्याच भागात १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता. पाचेक हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. रशियनांनी पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलेली आणि तिथून इराणमार्गे आपल्याकडं पोचलेली. माझी आजी दहा-अकरा वर्षांची असताना कॅम्पात दुधाची चरवी घेऊन जायची. बराकीपुढं लावलेली फुलं, रविवारी चर्चला निघालेल्या बायका, हातावर खाऊ ठेवणारी एक 'मडम', हे सगळं तिच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की पोलिश माणूस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तेच यायचं. सगळं गमावलेली, तरी नीटनेटकी, मायाळू माणसं. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे. शाळेतली पोरं घेऊन मी तिथं दोनदा गेलेय आणि त्यांना हेच सांगितलंय.

मग गेल्या महिन्यात 'इदा' बघितला. (पुढं गोष्ट येणार आहे. कोरा बघायचा असेल तर आधी बघून या.)

पावेल पावलिकोव्स्की यांचा २०१३ चा चित्रपट, जेमतेम ८२ मिनिटांचा, कृष्णधवल. पडदा जुन्या सिनेमासारखा चौकोनी. माणसं बऱ्याचदा चौकटीच्या अगदी तळाशी आणि डोक्यावर नुसती रिकामी जागा. सुरुवातीला वाटलं, कॅमेरा असा का लावलाय? थोड्या वेळानं त्या रिकाम्या जागेचंच ओझं वाटायला लागलं.

काळ १९६२ च्या आसपासचा. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली अनाथ ॲना नन होण्याची शपथ घेणार असते. मदर सुपिरियर तिला सांगतात, त्याआधी तुझ्या एकुलत्या एक नातेवाइकाला, मावशीला, भेटून ये. मावशी वांदा दारातच सिगारेट ओढत उभी. ती सांगते, तू ज्यू आहेस, तुझं खरं नाव इदा लेबेनश्टाइन. ही वांदा एके काळची सरकारी वकील, स्टालिनच्या काळात माणसांना फाशीपर्यंत पोचवलेली. आता दारू पिऊन दिवस ढकलणारी. आगाता कुलेशानं ही बाई अशी उभी केलीय की तिचा राग करावा की तिला जवळ घ्यावं, समजत नाही.

दोघी गाडी काढून जुन्या गावी जातात. त्यांच्या घरात आता स्किबा नावाचं शेतकरी कुटुंब राहतंय. वांदा विचारते, इथं आधी कोण राहायचं? ज्यूंचं नाव काढलं की सगळे गप्प. वांदा सांगते की इदाच्या आईनं गोठ्याला रंगीत काचेची खिडकी बसवली होती, गायींना बरं वाटावं म्हणून. मी गोठा असलेल्या घरात वाढलेय. त्या खिडकीपाशी मी चित्रपट थांबवला आणि थोडा वेळ तशीच बसले.

शेवटी इदाच्या आई-वडलांना कुठं पुरलंय ते दाखवायला स्किबाचा मुलगा कबूल होतो. अट एकच, घरावरचा हक्क सोडायचा आणि म्हाताऱ्या बापाला त्रास द्यायचा नाही. तो त्यांना जंगलात नेतो आणि खड्डा खणतो. ज्यांना आधी लपवलं, त्यांनाच मारून तिथं पुरलेलं. वांदाचं लहानगं पोरही त्यातच. ती लढायला गेली होती आणि पोराला बहिणीकडं ठेवून गेली होती. वांदा कवटी शालीत गुंडाळून चालायला लागते. इदा विचारते, मी का नाही या खड्ड्यात? तो खड्ड्यातच बसून सांगतो, तू तान्ही होतीस, तू ज्यू आहेस हे कुणाला कळलं नसतं, म्हणून तुला पाद्र्याकडं दिलं. पोरगं सावळं होतं, त्याची सुंता झालेली होती.

बास. तो रडत नाही, संगीत नाही. मला मात्र राहवलं नाही.

पोलंडमध्ये या चित्रपटावरून वाद झाला. ज्यूला लपवलं तर जर्मन अख्ख्या घराला ठार मारायचे, हे पडद्यावर लिहून सांगा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. ती गोष्ट खरीच आहे. जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवणारे हजारो पोलिश लोक होते, हेही खरं. आणि पोलंडमधल्या येद्वाब्ने गावात जुलै १९४१ मध्ये शेजाऱ्यांनीच ज्यूंना खळ्याच्या कोठारात कोंडून जाळलं, हेही तितकंच खरं. पावलिकोव्स्कींची आजी, वडिलांची आई, ज्यू होती आणि ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली, हे त्यांना स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं. २०१५ मध्ये या चित्रपटाला परदेशी भाषेतल्या चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, पोलंडचं त्या विभागातलं पहिलं.

माझ्या मनातल्या मायाळू माणसांचं काय करायचं, हे मला कळेना. आजीची मडम खरी होती. स्किबाही एकाच देशातला, एकाच युद्धातून निघालेला. दोघांना एकाच मनात ठेवायला मला जड जातंय, पण त्यातल्या कुणाला बाहेर काढायचीही माझी तयारी नाही.

शेवटच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शकाच्या नावात एक अक्षर दिसलं. इंग्रजी 'एल'च्या पोटातून तिरपी रेघ गेलेली. हे अक्षर मी कुठंतरी बघितलंय, असं वाटत राहिलं. पहाटे धारेच्या वेळी उठले आणि पेटीचं झाकण उलटं केलं. पेंडीच्या तेलकट थराखाली काळ्या रंगात चार-पाच अक्षरं होती आणि त्यातलं एक तेच. लहानपणापासून मला तो ओरखडा वाटायचा.

आबांना, माझ्या वडलांना, विचारलं, "ही पेटी कुठली?"

"आपलीच की. तुझ्या आजीनं इकत घेतलेली, कॅम्प उठला तवा."

तेरा-चौदा वर्षांच्या पोरीकडं पैसे कुठले? मी आत्याला फोन लावला. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इकत न्हवं गं. त्या मडमनं सांभाळायला दिलेली. परत येतो म्हणली हुती. आई लग्नात घेऊन आली ती सासरी. पेंड तर तुझ्या आज्यानं भरली, आईला लई राग आलता त्याचा."

इथं कुणी कुणाला मारलेलं नाही. गोष्ट एका पेटीची आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण 'आपलीच की' हे शब्द आबा ज्या सुरात बोलले, तो सूर मी आदल्या रात्रीच ऐकला होता.

दुपारी पेटी रिकामी केली. शिकेकाई आणि गरम पाण्यानं झाकण घासलं, अक्षरं जातील म्हणून हळू हळू. आबा अंगणात बसून बघत होते, बोलले काहीच नाहीत. संध्याकाळी बाजारातून आले ते प्लास्टिकचा निळा ड्रम घेऊन. तो गोठ्यात ठेवला, स्वतःच्या हातानं पेंड त्यात भरली आणि पेटी उचलून माजघरात, आजीच्या ट्रंकेशेजारी आणून ठेवली.