लूमखालच्या तुसापासून आगटीपर्यंत : आमची वाटचाल

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांच्या काळात इथे पॉवरलूमचे सुटे भाग आणि धोट्यांची, म्हणजे लूमवर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी नळ्याची, दुरुस्ती चालायची. पुढे टॉवेल-चादरीचे बरेच कारखाने रॅपियर लूमकडे वळले. रॅपियर लूममध्ये आडवा धागा दांडीने ओढून नेतात, तिला धोटाच लागत नाही, त्यामुळे आमचं काम दर दिवाळीला थोडं थोडं कमी होत गेलं. लेथ होता, ग्राइंडर होता, कामाची सवय असलेले हात होते. नवं काम तेवढं शोधायचं होतं.

ते आलं एका ट्रेकर मित्राकडून. त्याच्या फेरो रॉडची, म्हणजे घासून ठिणग्या पाडायच्या धातूच्या काडीची, प्लास्टिकची मूठ तुटली होती, ती बदलून हवी होती. भंगारात पडलेल्या जुन्या धोट्याचं लाकूड मी लेथवर लावलं. धोट्याचं लाकूड घट्ट असतं, वर्षानुवर्षं लूमवर आपटूनही तडकत नाही. मूठ झाली, रॉड अरल्डाइटने बसवला आणि दुकानाच्या दारातच एकदा घासून पाहिला. पांढऱ्या ठिणग्यांचा जो झोत उडाला, तो बघायला शेजारच्या गाळ्यातली माणसं गोळा झाली. मित्राच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना तशीच मूठ हवी होती, आणि तिथून हा धंदा उभा राहिला.

रॉड आम्ही बनवत नाही, तो तयार आणतो, हे गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच सांगतो. सिगारेट लायटरच्या चाकाखाली जो बारीक खडा असतो, तोच माल इथे बोटाएवढ्या काडीच्या रूपात असतो. त्याचं नाव फेरोसेरियम. लोखंड, सेरियम, लँथॅनम असे धातू त्यात असतात, मोठ्या रॉडमध्ये मॅग्नेशियमही घालतात. घासल्यावर त्याचे कण निघतात आणि हवा लागताच आपोआप पेटतात. तापमान ३००० अंश सेल्सियसच्या आसपास जातं. जुन्या चकमकीत ठिणगी पोलादाची असते, गारगोटी फक्त ते खरवडते. ती ठिणगी बरीच थंड, म्हणून तिच्यासाठी आधी जाळून काळं केलेलं सुती कापड किंवा तसंच चटकन धुमसणारं काहीतरी जवळ ठेवावं लागतं.

हा धातू शोधला कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने, पेटंट १९०३ चं. लग्नाच्या वरातीत डोक्यावर ज्या गॅसबत्त्या असायच्या, त्यांच्या जाळीचा शोधही त्याचाच. जाळीसाठी थोरियम लागायचं. ते काढून घेतल्यावर सेरियमसारख्या धातूंचा ढीग उरायचा, त्याचं काय करायचं यातून हा खडा निघाला. मला हे वाचून फार आनंद झाला, कारण आमचं पुढचं सगळं कामही उरलेल्या मालावरच उभं आहे.

झालं असं, की रॉड विकले गेले आणि फोन सुरू झाले. “ठिणग्या भरपूर पडतात, पण पेटत काहीच नाही.” लोक सरळ जाड काटकीवर ठिणग्या पाडत होते. ठिणगी कितीही तापलेली असली तरी ती क्षणभराची. तिला अंगावर घेणारं, केसासारखं बारीक आणि खडखडीत कोरडं काहीतरी आधी तयार पाहिजे. सोलापुरात अशी वस्तू शोधायला लांब जावं लागत नाही. लूमच्या खाली, खांबांवर, ट्यूबलाइटवर रोज सुताचं तूस साचतं. कारखानदार ते पोत्यात भरून ठेवतात. ते आम्ही विकत आणायला लागलो.

त्या तुसाची निवड हे आमच्याकडचं सगळ्यात नाजूक काम आहे, आणि ते आमच्या दोन ताई करतात. पूर्वी त्या टॉवेलच्या शिलाईवर होत्या. पोतं आलं की प्रत्येक ढिगातली चिमूटभर चिमट्यात धरून जाळून बघायची. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत भुकटी होते. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो. तसं पोतं परत जातं, कारण वितळलेला थेंब हातावर पडला तर कातडी सोडत नाही. लूमचं तेल लागलेलं तूसही वेगळं काढतात, ते धूर फार करतं. निवडलेलं तूस पिंजून त्याला थोडं पेट्रोलियम जेली चोळतात आणि सुपारीएवढ्या गोळ्या वळतात. कोरडं तूस भुर्रकन जळून जातं. जेली लावलेली गोळी वातीसारखी काही मिनिटं जळते, आणि काटक्यांना पेट घ्यायला तेवढा वेळ लागतोच. वापरताना गोळी बोटांनी उसवून केस मोकळे करायचे, नाहीतर ठिणगी वरून घसरून जाते.

दुसरी वस्तू घासणी, म्हणजे रॉड घासायची पोलादी पट्टी. पॉवर हॅक्सॉची झिजलेली पाती कापून आम्ही ती करतो. धार नको, काटकोनी कड हवी. नख आडवं फिरवलं की अडकलं पाहिजे, तरच ती रॉडचा कण सोलते. चाकूच्या धारेने घासलं तर चाकूही जातो आणि रॉडही. नव्या रॉडवर काळा थर असतो, तो आधी खरवडायचा. मग रॉडचं टोक गोळीला टेकवायचं, घासणी जागेवर दाबून धरायची आणि रॉड मागे ओढायचा. घासणी पुढे ढकलली की हात थेट रचलेल्या काटक्यांवर जातो आणि सगळी मांडणी विस्कटते. घाई नको, दाब हवा. सावकाश ओढलं की कण जाड निघतात आणि जास्त वेळ जळतात.

हे सगळं कागदावर छापून फारसा उपयोग होत नाही, दाखवावंच लागतं. म्हणून हुरड्याच्या दिवसांत आम्ही मंगळवेढा, मोहोळकडच्या शेतांवर जातो. एकदा वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात जमून जेवायच्या आमच्याकडच्या सणाला, एक मामा म्हणाले, “काडीपेटी वंगाळ हाय व्हय?” अजिबात नाही. कोरड्या दिवशी, आडोशाला काडीपेटीच सोपी. पण पहाटेच्या दवाने पेटी सादळली की काडीचं गुल नुसतं सोलून येतं. रॉड पाण्यातून काढून पुसला की पुन्हा ठिणगी देतो. घरच्या गॅस लायटरचंही लोक विचारतात. त्याची ठिणगी विजेची, गॅस पेटवायला पुरते, पण गोळीवर पडून जळत राहील असा कण तिच्यात नसतो.

त्या दिवशी आगटीत, म्हणजे हुरडा भाजायच्या खड्ड्यात, तळाला गोळी, वर गोवरीचा भुगा, त्यावर तुराट्यांचे बोटभर तुकडे आणि मग तुकडे केलेल्या गोवऱ्या असं रचलं. मामांनी स्वतः रॉड ओढला. गोळीने जाळ धरला, तुराट्या तडतडल्या, आणि गोवऱ्यांचा निखारा पडल्यावर त्यांनी कणसं खुपसली. जाळावर हुरडा करपतो, त्याला निखाराच लागतो, हे त्यांनीच आम्हाला नीट समजावलं. आता आमच्या पाकिटावर तेही छापलेलं असतं.

एका बाबतीत आम्ही गिऱ्हाईक सोडायला तयार असतो. नान्नजकडची माळरानं, जिथे माळढोकासाठी अभयारण्य आहे, तिथलं गवत हिवाळ्यानंतर इतकं वाळतं की एक ठिणगी पुरे. राखीव जंगलात धोका होईल असा विस्तव करणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. जंगलात किंवा गडावर शेकोटी करण्यासाठी कुणी रॉड मागितला तर आम्ही नाही म्हणतो. शेतात, परवानगी असलेल्या कॅम्पवर खुशाल पेटवा. भोवतीचं गवत खरवडून माती उघडी करा, पाण्याची कळशी आधी भरून ठेवा, आणि निघताना राखेत पाणी ओतून, ढवळून, हाताचा पंजा जवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून पाणी.

सध्या चादरीच्या कापलेल्या कडांवर काम चालू आहे. शंभर टक्के सुती कड डब्यात घालून, झाकणाला बारीक भोक पाडून चुलीवर ठेवली की काळं कापड तयार होतं. भोकातून धूर यायचा थांबला की डबा उतरवायचा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचा नाही. त्याच्यासोबत गारगोटी आणि पोलादाची पट्टी देऊन चकमकीचं वेगळं पाकीट काढायचं आहे, शाळांच्या शिबिरांसाठी. पट्टीला पाणी कसं द्यायचं, म्हणजे ती तापवून आणि गार करून कडक कशी करायची, यावर अडलंय, कारण ती पुरेशी कडक झाली नाही तर ठिणगीच पडत नाही. आणि ज्यांच्याकडे आमचा जुना रॉड आहे त्यांच्यासाठी एवढंच, की काडी झिजली तरी धोट्याची मूठ टाकू नका. आणून द्या, त्याच मुठीत नवी काडी बसवून देतो.